पातळ करायला हवं

"तोंडाकडे बघू नकोस, तोंड काहीही बोलतं. आरशात बघ. डोळे बघ."

वडिलांचा चेहरा कारागिराला आता नीटसा आठवत नव्हता, पण हा आवाज आठवत होता. वस्तरा पट्ट्यावर पाजावा तसा, खर्जातला, एका लयीत मागे जाणारा आणि पुढे येणारा. तेव्हा तो खुर्चीच्या पाठीएवढाही उंच नव्हता. वडील गिऱ्हाइकाचे केस कापत, मानेवरचे केस झटकत, हातआरसा धरून मागची बाजू दाखवत. गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की मुलाला विचारत, काय म्हणाला रे तो? मुलगा सांगे, छान झाले म्हणाला. वडील कात्री पुसता पुसता हसत. "आणि डोळे काय म्हणाले?"

असा तो कात्री धरायच्या आधी डोळे वाचायला शिकला. पुढे वडील गेले, खुर्ची त्याच्याकडे आली, आरसाही आला. लोकांची तोंडं एक सांगत आणि आरशातले डोळे भलतंच सांगत, आणि तो दोन्ही ऐकून घेई. अख्खी गल्ली त्याला कारागीर म्हणू लागली. धंद्याला ही सवय मानवली, घराला मात्र मानवली नाही. घरात कुणी सहज हसलं तरी त्याच्या मनात पाल चुकचुके. बायको म्हणायची, यांना कुणी अमृत आणून दिलं तरी हे आधी आणणाऱ्याचे डोळे बघतील, मग भांडं हुंगतील आणि तोवर अमृत आंबून जाईल.

मग पायांनी दगा दिला. उभं राहणं हाच ज्याचा धंदा, त्याच्या पोटऱ्यांवरच्या शिरा निळ्या दोरखंडासारख्या फुगल्या. डॉक्टरांनी उभं राहायचं नाही असं बजावलं. दुकान दुसऱ्याच्या हाती गेलं. घरी आला तो मोठा आरसा, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली आणि कात्र्यांचा डबा. आणि आले दोन रिकामे हात. हे हात काही केल्या गप्प बसेनात. बसल्या बसल्या वर्तमानपत्राच्या कडा सरळ करत. टेबलावरच्या आच्छादनाच्या झालरी कातरत. एकदा तर त्याने नव्या झाडूचं टोक सारखं करून ठेवलं. बायकोने तो झाडू शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवला. आता घरात डोकी उरली नाहीत म्हणून हे झाडूला बसवतात खुर्चीवर, असं सांगून ती खूप हसली. तो हसला नाही. आपल्या हातांकडे त्याने असं पाहिलं, जसं कुणी म्हाताऱ्या बैलजोडीकडे पाहावं, ओझं तर उरलेलं नाही आणि दावणीला बांधून ठेवण्याचं मनही होत नाही.

स्वयंपाकघरामागे एक मोकळी जागा होती. कपडे वाळत घालायची दोरी, फुटका टब, विटांचे तुकडे आणि कडेला कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे घड्याळवाला राहायचा. तिथे त्याने भाजी लावायचं ठरवलं. जन्मात कधी कुंडीतल्या रोपाला पाणी घातलेलं नव्हतं, पण हातांना काहीतरी द्यायला हवं होतं. नाहीतर ते आपल्यालाच खातील, असं त्याला वाटायला लागलं होतं.

अडचण एकच होती. त्या जागेवर त्याच्या मुलाने आधीच एक खोली बांधून ठेवली होती, मनातल्या मनात. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्न झाल्यापासून त्याने बायकोला शब्द दिला होता, तुझ्या शिलाई मशीनसाठी मागे एक खोली काढू. सुनेची मशीन सध्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, फ्रिज आणि मांडणीच्या सांदीत बसलेली होती. ती पडदे शिवायची, शाळेचे गणवेश शिवायची. लग्नाच्या बोलणीत तिच्या आईने सांगितलं होतं, हिच्या हातून टाके आपोआप पडतात. त्या एका वाक्यावर हे घर खूश होतं. मुलगा तर इतका खूश, की कामावरून येताना खिडक्यांची मापं आणि पत्र्यांचे नमुने घेऊन यायचा.

बापाने जागा मागितली तेव्हा मुलाने हातातला पत्र्याचा नमुना बाजूला ठेवला. मग म्हणाला की मिस्त्रीच्या हातात दुसरं मोठं काम आहे, तो मोकळा होईपर्यंत करा काय करायचं ते. तोवर त्या मातीत काही दिसलं तर पुढचं बघू. नाही दिसलं तर खोली. हे बोलताना सून चहाचे कप गोळा करत होती. तिने मान वर केली नाही. कारागिराने तेवढ्यात तिचे डोळे शोधले, पण ते कपांत होते. बाग बुडाली तर खोली होणार, आणि खोली झाली तर ती कुणाला मिळणार? हा प्रश्न त्याने मनाच्या कप्प्यात घडी घालून ठेवला, जसा धुतलेला टॉवेल ठेवतात.

मग तो कामाला लागला. माती उकरली, विटा वेचल्या, ढेकळं फोडली आणि शेवटी तुटक्या कंगव्याने वाफा विंचरला. हो, विंचरलाच. मधोमध भांग पाडला, एका बाजूला मुळा, दुसऱ्या बाजूला गाजर. बी मुठीने टाकलं. कमी पडायला नको. कोपऱ्यात टोमॅटोची रोपं लावली, भिंतीशी लाल भोपळ्याच्या बिया खोचल्या. आणि दुकानातल्या फवाऱ्याच्या बाटलीने सगळ्या वाफ्यावर असं पाणी मारलं, जणू आता इथे कुणी मान मागे टेकून बसणार आहे. घड्याळवाला भिंतीवर कोपरं टेकून बघत होता. कारागीर, दाढी करणार की नुसतेच केस, असं त्याने विचारलं.

उगवलं तेव्हा कारागिराचं मन मात्र भरून आलं. माती रात्रीपर्यंत टक्कल पडल्यासारखी होती आणि सकाळी तिच्यावर कोवळी, ओली लव आली होती. मग लवेचे केस झाले. मुळ्याची पानं एकमेकांच्या अंगाखांद्यावर चढली. मधून बोट घालायला जागा नव्हती. इतकं दाट डोकं त्याने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो वाफ्याशी स्टूल टाकून बसे आणि तळहात वरून फिरवे, अलगद, न चेपता. ते हिरवं गुदगुल्या करे. तळहातातून काहीतरी छातीपर्यंत जाई.

अशाच एका सकाळी तो वाफ्यासमोर उघड्या डोक्याने बसला होता. सून ओले कपडे घेऊन दारात आली, जरा थांबली, आणि हळूच म्हणाली, "बाबा, फार दाट झालंय. पातळ करायला हवं."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मस्तकावर तर सगळा प्रश्न होता. या वयात त्याच्या डोक्यावर पांढरे का होईना, पण मुठीत धरावेत असे केस होते. गल्लीतल्या टकलांना तो ते मुद्दाम दाखवत फिरे. दातेरी कात्रीने केस पातळ करायला त्याच्याकडे लांबून माणसं यायची. पातळ करू का, हे शब्द त्याने दिवसातून इतक्यांदा उच्चारले होते, की ते त्याच्याच मालकीचे झाले होते. आणि ही कालची पोर त्याला सांगणार, तुमचं डोकं वाढलंय?

"माझं मी बघेन," तो वळून न बघता म्हणाला. "मला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

 सुनेने कपडे दोरीवर टाकले, चिमटे लावले आणि आत गेली. त्या सकाळपासून तिने बागेविषयी एक अक्षर काढलं नाही. आणि त्या सकाळपासूनच बागेत गडबड सुरू झाली.

आधी मुळे गेले. सगळे नाही, मधले मधले. काल जिथे हिरवी गर्दी होती तिथे आज मातीचं एक बोट दिसत होतं. मग एक रोप, मग पुन्हा मातीचं बोट. त्याला वाटलं पक्षी असतील. त्याने जुनी कापडाची पट्टी काठीला बांधून उभी केली. दुसऱ्या दिवशी गाजरं गेली, तशीच, मधली मधली. मग त्याचा संशय घड्याळवाल्याच्या मांजरावर गेला. घड्याळवाला दुखावला. त्याने भिंग डोळ्याला लावून भिंतीवरून वाफा नीट तपासला आणि निकाल दिला की मांजर माती उधळतं, पक्षी पानं टोचतो, गोगलगाय चकाकता माग ठेवते. इथे तसलं काही नाही. इथे एक जागा भरलेली, एक रिकामी, घड्याळाच्या तबकडीवरच्या खुणांसारखी. हा माणसाचा हात आहे. आणि तोही सवयीचा.

"घरातलाच असेल," घड्याळवाला म्हणाला, आणि भिंग खिशात ठेवून निघून गेला. असं बोलून निघून जाणं त्याला फार आवडायचं.

कारागिराने मनातली घडी उलगडली.

मग तो डोळ्यांत तेल घालून घर न्याहाळू लागला. मशीनचा आवाज चालू असला की त्याला बरं वाटे. तो थांबला की कान टवकारले जात. स्वयंपाकघरातून टकटक टकटक येत असे, मग अचानक काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. तो उठून जाऊन पाही तर सून खिडकीशी उभी, हातात अर्धा शिवलेला पडदा, आणि नजर मागच्या बाजूला. त्याला पाहताच ती पुन्हा पायाने मशीन हाकू लागे, पण पहिले काही टाके वाकडे पडत. हे त्याने हेरून ठेवलं.

टोमॅटोची पाळी आली तेव्हा तर शंकेला जागाच राहिली नाही. रोपं गुडघ्याएवढी झाली होती. दांडा आणि फांदीच्या काखेत जोमदार कोंब फुटले होते. त्याला त्यांचं कौतुक होतं. एका सकाळी ते कोंब नव्हते. प्रत्येक काखेत छोटीशी ओली जखम होती. भोपळ्याच्या वेलाचा शेंडा, जो भिंतीवरून घड्याळवाल्याच्या अंगणात डोकावायला निघाला होता, तोही खुडलेला. कारागिराने कचऱ्याची बादली उलथी केली. बटाट्याच्या सालींखाली, नीट झाकून ठेवल्यासारखे, ते सगळे कोंब मलूल पडले होते.

दुपारी सुनेने चहा आणून दिला. कप घेताना त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं. अंगठा आणि तर्जनी हिरवट पिवळी झाली होती, नखाच्या कडेला काळसर रेघ होती. आणि त्या बोटांना वास होता. हजारो डोक्यांची तेलं ज्या नाकाने ओळखली, ते नाक चुकणार नव्हतं. हा टोमॅटोच्या पानाचा वास होता.

त्याने कप खाली ठेवला. त्याला पुरावा नुसता असून चालत नसे, समोरच्याचे डोळे कबूल व्हावे लागत. पण त्याने तिच्या हातचा चहा घेणं बंद केलं. पोट बरं नाही म्हणाला. जेवताना तो ताटाकडे बघून बोलू लागला. या घरात आता कात्र्या दोन झाल्यात, असं एकदा भाताला उद्देशून म्हणाला. बायकोने विचारलं की कुणाला टोमणा मारताय, तर म्हणाला, भात चिकट झालाय. सुनेचं जेवण अर्ध्यावर थांबलं. तिने ताट उचललं आणि नळ जोरात सोडला.

बायकोने त्याला आतल्या खोलीत गाठलं. ती म्हणाली की ही पोर सकाळपासून मान मोडून शिवते, माझ्या गुडघ्यांना तेल लावते, तुमच्यापुढे आवाज चढवत नाही. आणखी काय हवंय तुम्हाला? तेच तर, तो म्हणाला. इतकं चांगलं कुणी फुकट असतं का? बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, तुम्ही मला मागणी घालायला आला होतात तेव्हाही असेच बघत होतात. मला वाटलं डोळे दुखतायत. तिने दिवा मालवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सुनेचं एक गाणंही त्याच्या कानावर आलं. कपडे वाळत घालताना, कुणी नाही असं समजून ती गुणगुणत होती. चाल जुनी वाटत होती, जात्यावरची असावी तशी, घरंगळत येणारी.

एकीच्या सावलीत दुजी वाढेना गं बाई,
हात आवरू मी कशी, मला निवांत नाही.

हात आवरू मी कशी. कारागीर दाराआड थिजून उभा राहिला. चोर इतका निर्लज्ज असू शकतो, गाऊन सांगू शकतो, हे त्याला नवीन होतं. आणि तरीही त्या आवाजात असं काहीतरी होतं, की ओळ संपल्यावरही तो तिथून हलला नाही.

शेवटी त्याने आरसा बाहेर काढला. दुकानातला मोठा आरसा, ज्याच्या एका कोपऱ्यावरचा पारा उडाला होता. तो त्याने मागच्या ओट्यावर, खांबाला टेकवून बसवला. बायकोने विचारलं तर म्हणाला, टोमॅटोंना उजेड कमी पडतो. पहाटेपासून तो आरशाकडे तोंड आणि बागेकडे पाठ करून खुर्चीत बसू लागला. वर्तमानपत्र धरायचा आणि मान एका बाजूला पाडायचा. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा पेंगतोय.

भोपळ्याला तोवर फुलं आली होती, पिवळीधमक, हाताच्या ओंजळीएवढी. काही फुलांच्या बुडाशी गोटीएवढा भोपळा दिसे, पण तो वाढत नसे. पिवळा पडून गळून जाई. त्याचाही आळ त्याने मनातल्या मनात त्याच हातावर घातला होता.

उजाडत होतं. दाराची कडी वाजली नाही, नुसती सरकली. आरशात सून आली. आरशातली बाग उलटी होती. टोमॅटो डावीकडे, भोपळा उजवीकडे, त्यामुळे ती आधी भलतीकडे निघाल्यासारखी वाटली. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं. तो पेंगत होता. ती वेलाशी उकिडवी बसली, एक लांब देठाचं फूल खुडलं, आणि त्याच्या पाकळ्या एकेक करून फाडून टाकल्या.

कारागिराने कागद मांडीवर उतरवला. आता, आता उठावं आणि मनगट धरावं. पण सवय आडवी आली. त्याने आधी तिचे डोळे शोधले.

ते डोळे चोराचे नव्हते. चोर इकडेतिकडे बघतो. ती फक्त समोर बघत होती, आणि खालचा ओठ तिने दातांत धरला होता. हा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. कुठे पाहिला ते चटकन आठवेना, आणि आठवलं तेव्हा त्याला कसंसंच झालं. याच आरशात पाहिला होता, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, स्वतःच्या खांद्यांवर. कानाच्या पाळीमागे वस्तरा फिरवताना त्याचा स्वतःचा ओठ असाच दातांत जायचा. तिने पाकळ्या काढलेला तो दांडा दुसऱ्या फुलात, गोटीवाल्या फुलात, हलकेच टेकवला. फिरवला. जसा साबणाचा ब्रश गालावर फिरवतात. मग पदराला हात पुसले आणि आत निघून गेली.

तो गोटीएवढा भोपळा गळला नाही. लिंबाएवढा झाला, मग मुठीएवढा झाला. कारागीर रोज आधी त्याच्याकडे जाई. टोमॅटोच्या झाडांनी कोंब गमावले होते, पण आता घोसाने हिरवी फळं धरली होती. वेलाचा शेंडा गेला होता, पण त्याच्या मागून दोन नव्या फांद्या निघून भिंतभर पसरल्या होत्या. त्याने बोटाने माती उकरून पाहिली. खाली मुळ्याचा पांढरा खांदा दिसला, चांगला अंगठ्याएवढा जाड.

म्हणजे ती वाईट करत नव्हती. मग काय करत होती? एखाद्याला इथे हायसं वाटलं असतं. त्याला वाटलं नाही. संशय त्याच्या अंगात मुरलेला होता, त्याने फक्त कूस बदलली. बाग हिच्या हाताने फुलणार, मग ही सगळ्यांपुढे सांगणार की म्हाताऱ्याला काही येत नव्हतं, मीच केलं. आणि वर खोलीही घेणार. दोन्हीकडून तीच जिंकणार. कुठेतरी पाणी मुरतंय, असं तो भोपळ्याला म्हणाला.

मग एका सकाळी त्याने पेंगण्याचं सोंग टाकलं. ती वेलाशी वाकलेली असतानाच तो म्हणाला, "सूनबाई, माझ्या बागेत काय चाललंय तुमचं?"

ती दचकून उभी राहिली. हातातलं फूल लपवायला पाठीमागे नेलं आणि मग लपवून काय उपयोग असं वाटून पुन्हा पुढे आणलं. म्हणाली, "मी तेव्हाच म्हणाले होते ना, दाट झालंय. पातळ करायला हवं."

"ते तू माझ्या डोक्याविषयी म्हणालीस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर हळूहळू त्याच्या केसांवर गेली, तिथून मुळ्याच्या वाफ्यावर आली, आणि पुन्हा केसांवर. तिने ओठ घट्ट मिटले. खांदे हलायला लागले. "बाबा, मी मुळ्याविषयी म्हणत होते," ती कशीबशी म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसली. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं. घड्याळवाला सगळं ऐकत होता. कारागीरही हसला असता, पण त्याने आधी दोन्ही हातांनी केस बसवले.

त्या सकाळी ती पहिल्यांदा मोकळं बोलली. तिच्या माहेरी घरामागे भाजीचे वाफे होते, आणि आईच्या मागे मागे रांगतच ती ते शिकली होती. रोपं दाट असली की एकमेकांचा घास खातात, मधली काढावी लागतात. टोमॅटोच्या काखेतला कोंब रस पितो आणि फळ देत नाही. भोपळ्याला दोन जातीची फुलं येतात, आणि इथे मधमाश्या फारशा फिरकत नाहीत, म्हणून नराचं फूल हाताने मादीला टेकवायचं. तो ऐकत होता. सगळं कापण्याचंच काम होतं, आणि जन्मभर कापूनही त्याला रोपाचं एक पान कापवलं नव्हतं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, कुणी हात लावायचा नाही."

"तरी लावलास."

"राहवलं नाही," ती म्हणाली.

हे ऐकून त्याच्या छातीतला एक खिळा सैल झाला. पण दुसरा तसाच होता, आणि तो त्याने स्वतःच विचारून घट्ट केला. बाग जगली तर खोली होणार नाही, हे तुला कळतंय ना, असं त्याने विचारलं. तुला खोली नको का? सुनेचं हसू मावळलं. ती हातातल्या फुलाकडे बघू लागली. मशीनवर काम पडलंय असं सांगून ती आत गेली. थोड्या वेळाने टकटक सुरू झालं.

म्हणजे खोली हवीच आहे. कारागीर खुर्चीत बसून राहिला. हात मांडीवर पडले होते, मातीने भरलेले, आणि आजवर इतके शांत कधी नव्हते. हे हात पुन्हा रिकामे होणार. आपल्या सुनेने बाग वाचवली आणि तिच्याचसाठी ती बुजणार. राग कुणावर धरायचा तेही त्याला कळेना.

सुट्टीच्या दिवशी मुलगा मिस्त्रीला घेऊन आला. मिस्त्रीने मापाची फीत काढली, तिची डबी मुलाच्या हातात दिली आणि टोक धरून भिंतीकडे निघाला. वेलापाशी थबकला. भोपळा आता डोक्याएवढा झाला होता. हे उचलावं लागेल, असं मिस्त्री म्हणाला. मुलगाही बघत राहिला. त्याने टोमॅटो पाहिले, मुळे पाहिले, बापाकडे पाहिलं. त्याला अवघडल्यासारखं झालं. तो म्हणाला की बाबा, खरंच छान केलंत, मला वाटलं नव्हतं, कुंड्या आणून देतो, पुढच्या खिडकीत ठेवा. पण हिला मी शब्द दिलाय. स्वयंपाकघरात किती दिवस शिवायचं हिने? पाठ मोडते तिची. खिडकी कुठे घ्यायची तेसुद्धा मी ठरवलंय, उजेड डाव्या हाताकडून यायला हवा ना, टाका दिसायला.

हे बोलताना मुलाचा चेहरा असा उजळला होता, की कारागिराला त्याच्यावर रागावता येईना. तो वाद घालणार होता. आपलं बोलणं ठरलं होतं, काही दिसलं तर पुढचं बघू, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. ते त्याने गिळलं. पोराने बायकोसाठी काही करायचं म्हटलं, त्यात बापाने मुळ्याची जुडी घेऊन आडवं काय यायचं. बायको दारात उभी होती, तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फीत जमिनीवर ताणली गेली, बरोबर वाफ्यातल्या भांगावरून.

सून चहा घेऊन आली होती. ट्रे तिने ओट्यावर ठेवला. कारागिराने तिच्याकडे पाहिलं. या वेळी आरसा नव्हता, ती समोरच होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. आनंदाने भरले असतील, असं त्याला आधी वाटलं. मग वाटलं, नाही. तिचा खालचा ओठ दातांत होता.

मुलाने तिला हाक मारली. ये, मशीन कुठे ठेवायची ते दाखव मिस्त्रींना. ती ओट्यावरून खाली उतरली, वाफ्याच्या कडेने, एकही रोप न तुडवता, फितीपर्यंत गेली. खाली वाकली. मिस्त्रीच्या पायाजवळचं फितीचं टोक तिने उचललं आणि सोडून दिलं. फीत सळसळत मुलाच्या हातात गोळा झाली.

"मला खोली नको," ती म्हणाली.

मुलगा हसला. असं काय करतेस, बाबांसाठी म्हणतेस का, त्यांची समजूत मी घालतो, असं काहीतरी तो बोलू लागला. तिने मान हलवली. आवाज लहान होता, पण भिंतीपलीकडे जाईल इतका स्पष्ट.

"बाबांसाठी नाही. तुम्ही इतक्या हौसेने बोलायचात, म्हणून मला सांगवत नव्हतं. आईने बोलणीत सांगितलं, तुम्हा सगळ्यांना आवडलं, मग मीही गप्प बसले. मला शिवण येतं. पण मला ते आवडत नाही. कधीच आवडलं नव्हतं."